पलीकडची उशी

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज आणखी एक उशी! दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये ठेवायची, म्हणजे कुशीवर झोपताना कंबर ओढली जात नाही. त्याआधी पाठीला टेकायची तिरकी फळी. त्याआधी संडासात धरायचे दांडे. चमच्याची चव गंजासारखी लागते म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी लाकडाचा चमचा कोरून हजर. आमचे हे सुतार आहेत. बायकोला कॅन्सर झाला म्हणजे घरात सामान वाढवायचं, एवढंच त्यांना सुचतं.

सगळ्याचा उपयोग होतो, नाही म्हणणार नाही. लाकडी चमच्याने भात खरंच भातासारखा लागला.

पण मला उशी नको. मला पलंगाच्या पलीकडे माणूस हवा.

लिहून टाकलं एकदाचं. आता काय ते पानाने लाजावं.

५ नोव्हेंबर

दुखणं बरगड्यांच्या हाडांत उतरलं तेव्हाची गोष्ट. एका रात्री यांनी झोपेत कूस बदलली, कोपर लागलं आणि मी अशी ओरडले की शेजारच्यांचे दिवे लागले. तेव्हापासून हे बाहेरच्या खोलीत, बाकावर. बाक यांनीच केलेला, त्यामुळे कडक आहे अशी तक्रारही करता येत नाही!

"तुझं दुखणं कमी होऊ दे, मग येतो."

लग्न झाल्यापासून एकच पलंग. भांडलो तरी पाठीला पाठ लावून, पण पलंग एकच. आणि भांडण कशावरून, तर भुशावरून. घरामागच्या कारखान्यातून येणार, आंघोळ करणार, तरी कानांतून आणि भुवयांतून भुसा गळतोच. सकाळी उशी बघावी तर भुसाच भुसा. "आधी स्वतःला झटका, मग अंग टाका," हे मी इतक्या वेळा म्हटलं असेन की लेक बोलायला लागली तेव्हा तिचं पहिलं वाक्य तेच होतं.

आता पलीकडची उशी कशी कोरी करकरीत. बघवत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सिस्टर आल्या. दर शुक्रवारी घरी येतात, चपला काढता काढताच प्रश्न सुरू. "काकू, शून्य ते दहा, दुखणं किती?"

"तीन."

हे दारातच होते. त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

खरा आकडा आठ. पण आठ सांगून का हे खोलीत येणार आहेत? तीन ऐकलं तर येतील. गोळ्या आहेत तेवढ्याच राहिल्या.

८ नोव्हेंबर

नाही आले.

९ नोव्हेंबर, रविवार

आज दुपारी आले! गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून आणली, पाठीशी ठेवली आणि मग जरा घुटमळून पलंगाच्या कडेला बसले. मला इतकं बरं वाटलं! पण बसले तशी गादी दबली, मी तिकडे कलंडले आणि बरगडीतून कळ गेली. दात आवळले तरी आवाज निघायचा तो निघालाच.

हे ताडकन उभे. "तीन म्हणालीस ना?"

"तीनच आहे. तुम्हीच धाडकन बसलात."

"मी धाडकन बसलो?"

बिचारे मांजरासारखे बसले होते. वर त्यांनाच दोष दिला मी. पिशवी नीट सरकवली आणि गेले. मागून रंध्याचा आवाज यायला लागला. रविवारी कसलं काम! पण यांना काही सुचेनासं झालं की फळी घासायला घेतात.

१० नोव्हेंबर

रडले. दुसरं काही नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

लेक येऊन वेणी घालून गेली. म्हणजे वेणी कसली, उंदराची शेपटी. केस पुन्हा उगवतायत हेच खूप! ती हात लावते, सिस्टर हात लावतात, डॉक्टर लावतात. सगळे कामाचे हात. बिनकामाचा हात कुणी लावत नाही.

यांचा हात खरखरीत आहे, तळव्याला घट्टे. झोपेत तो माझ्या दंडावर पडायचा आणि मी ढकलून द्यायचे. "जड होतोय, काढा." आता दंडावर दोन पांघरुणं असतात, तरी तिथे काही नाही असंच वाटतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सिस्टरांनी पकडलं.

"किती?"

"तीन."

"काकू, तिनाला माणूस असा ओठ चावत नाही. इथे कमी आकड्याला बक्षीस नसतं. खरं सांगा."

"आठ. पहाटे नऊ."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "का लपवलंत? गोळीची सवय लागेल म्हणून? गुंगी येईल म्हणून?"

नाही नाही म्हणता म्हणता तोंडातून निघून गेलं. "मला यांच्या शेजारी झोपायचंय."

या वयात! कानशिलं तापली माझी. वाटलं, आता हसणार. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग उलटंच केलंत तुम्ही. दुखणं लपवलंत, म्हणून हात लागला की कळ येते. कळ येते, म्हणून काका लांब. आधी दुखणं आवरू."

डोक्यावर गार पाण्याचा घडा ओतल्यासारखं झालं. स्वतःच्याच हाताने त्यांना बाकावर ठेवलं होतं मी!

डॉक्टरांशी फोनवर बोलून त्यांनी गोळीचं प्रमाण वाढवलं. दुखायची वाट बघायची नाही, घड्याळ बघून घ्यायची. पोट साफ व्हायचं औषध चुकवायचं नाही. पहिले काही दिवस झोप येईल, घाबरायचं नाही. जाताना स्वयंपाकघरात यांच्याशी बराच वेळ कुजबुज चालली होती. काय बोलल्या असतील? मी डोळे मिटून पडले. लाजेने!

१६ नोव्हेंबर

झोप. झोप. झोप.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दुखणं तीन! खरं तीन. खोकले तरी कळ नाही. विसरलेच होते की शरीर असं गप्पही बसू शकतं.

काल हे हत्यारं घेऊन आले. मला खुर्चीत बसवलं आणि गादीखाली पलीकडच्या अंगाला एक जाड फळी घातली, आडवे दांडे नव्याने आवळले. म्हटलं, "आता हे काय?"

"करकरत होता."

पलंगाची काळजी! माणसाची नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गोळी घेतली की रात्री जी झोपते ती एकदम सकाळी, चहाचा कप वाजला की उठते. हे कप घेऊन उभे असतात, आंघोळ झालेली, शर्टाची बटणं लावलेली. आज धीर केला. "अहो, दुखणं कमी झालंय. खरंच झालंय."

"दिसतंय की."

"मग?"

चहात साखर ढवळत बसले. मी साखर घेत नाही हे ठाऊक असून! "झोप लागते ना तुला? मग झालं."

मग झालं! एवढी लाज सोडून मागितलं आणि वर हे. बाकाशीच संसार करा म्हणावं. रागाने गुडघ्यांतली उशी फेकली, तर तीही उचलून परत लावून गेले.

आणि तरी मला तेच हवेत. काय करू?

२३ नोव्हेंबर, रविवार

लेक चादर बदलायला आली. मला खुर्चीत बसवलं, पलीकडची उशी उचलली आणि थबकली.

"आई, हिच्यावर एवढा भुसा कुठून आला?"

म्हटलं, "झटकू नकोस."