सासूबाईंच्या सुरकुत्या

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. शांत आणि समतोल माणसं रोजनिशी लिहितात. मी शांत आहे.

ही भावाकडे गेली आहे. चार दिवस बदल म्हणून. सुटकेस मात्र मोठी नेली. या बायकांना थोडक्यात सामान भरताच येत नाही.

कारण अगदी क्षुल्लक. सासूबाईंना जाऊन दोन महिने झाले. भिंतीवर लावायला त्यांचा फोटो मोठा करून दे, एवढंच हिने सांगितलं होतं. कॅमेरा दिसला की सासूबाई तोंड फिरवायच्या, त्यामुळे म्हातारपणातला धड असा एकच फोटो, तोही हिने काढलेला. पण मी महिलांच्या मासिकाचा आर्ट डिरेक्टर. नुसता मोठा करून देणं माझ्या तत्त्वात बसत नाही. दोन रविवार घातले. सुरकुत्या काढल्या, गळ्याच्या घड्या काढल्या, बारीक डोळा दुसऱ्याएवढा केला, केस दाट केले. फ्रेमही पदरची.

ही फ्रेम हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, बाई सुंदर आहे, पण कोण आहे?

दुसऱ्या दिवशी सुटकेस.

४ फेब्रुवारी
फोन केला. मेहुण्याने उचलला. ती आंघोळीला गेलीय म्हणाला. सकाळीही आंघोळीलाच गेली होती. दुपारीही. पहिल्यापासून टापटीपच आहे ती.

निर्धार: आपण होऊन फोन करायचा नाही. मान राखून राहायचं.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
फोन केला. पण हा धरायचा नाही, वॉशिंग मशीनचं कुठलं बटण ते विचारायचं होतं. आंघोळीला गेली होती.

९ फेब्रुवारी
संपादकबाईंनी मीटिंग घेतली. वाचक बायकांची तक्रारींची पत्रं वाढली आहेत. सगळ्यांचं म्हणणं एकच, तुमच्या अंकातल्या बायका आम्ही कुठे पाहिल्या नाहीत. म्हणून विशेषांक: 'जशी आहे तशी'. कव्हरवर पन्नाशीची खरी बाई. मॉडेल नाही, नटी नाही. टच-अप औषधालासुद्धा नाही. एवढं बोलून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मागे वळून पाहिलं, मागे भिंत होती.

माझ्याविषयी लोकांचे गैरसमज फार. मी स्त्रीचा आदर करतो, म्हणून तर तिच्यावर इतकी मेहनत घेतो. एखाद्या बाईच्या नुसत्या टाचेवर मी आख्खी दुपार घालवलेली आहे. तिच्या नवऱ्याने घालवली असेल का?

जिना उतरताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कव्हरवर हिलाच आणायचं. जशी आहे तशी. सगळ्या शहराच्या समोर. मग परत आल्याशिवाय राहते कुठली.

११ फेब्रुवारी
आज फोनवर आली. कव्हरला हो म्हणाली. मला वाटलं होतं, जरा लाजेल. अटी घातल्या. एक, माझ्या केसालाही धक्का लावायचा नाही. दोन, आईचा मूळ फोटो परत हवा, होता तसा. दोन्ही झालं तर घरी यायचा विचार करीन.

विचार! म्हणजे आलीच की. मी म्हणालो, मूळ फोटो काय, कॉम्प्युटरवर पडलाय.

ही हॉस्पिटलात एक्स-रे काढते, म्हणून असली बोलणी. तडा दिसला तर तडाच दाखवायचा, म्हणते, पुसला तर माणूस जन्माचा लंगडा राहील. हाडांचं ठीक आहे. हाडं कव्हरवर येत नाहीत.

१६ फेब्रुवारी
आज शूटिंग. नवीन शर्ट घातला. हिने पाहिला असावा.

फोटोग्राफर म्हणाला, ताई, भिंतीला जरा टेका. हिने विचारलं, भिंत पडतेय का? तो म्हणाला, ओठ किंचित उघडे. ही म्हणाली, मला सर्दी नाही, नाकाने श्वास घेता येतो. एक हात मानेवर ठेवा म्हणाला, तर ही म्हणे, मान दुखत असेल तर आमच्याकडे या. मग सरळ उभी राहिली. दोन्ही पायांवर, हात खाली, समोर बघत. बिचारा गडबडला. दोन पायांवर उभी असलेली बाई त्याने आजवर शूटच केलेली नाही. शेवटी त्याने दोन दिवे आणखी लावले आणि काढले फोटो.

जेवणाच्या सुट्टीत हिने आमचे जुने अंक चाळले. विचारते, या बायका उभ्या का राहत नाहीत? टेकलेल्या, वाकलेल्या, नाहीतर पडलेल्या. आमच्याकडे अशी कुणी आली की आम्ही आधी स्ट्रेचर मागवतो. मी सांगितलं, त्याला ग्रेस म्हणतात. तिने एक पान उघडून पुढे धरलं. हिचं डोकं कुठाय? मी म्हणालो, लेख कमरेच्या पट्ट्यांवर होता, डोकं मोजमापात बसेना. काहीच बोलली नाही. पटलं असावं.

निघताना पुन्हा म्हणाली, आईचा फोटो विसरू नकोस. आवाज कापत होता. एसी फार होता.

१७ फेब्रुवारी
मूळ फोटो कॉम्प्युटरवर नाही.

१७ फेब्रुवारी, दुपार
घाबरण्यासारखं काही नाही. त्याच नावाने सेव्ह केला होता, त्यामुळे नवीन जुन्यावर बसला. कॅमेऱ्याचं कार्ड मी तेव्हाच पुसून ठेवलं होतं, नीटनेटकेपणा माझ्या अंगातच आहे. म्हणजे जगात सासूबाईंचा आता एकच फोटो, आणि त्यात सासूबाई नाहीत.

पण ज्याने काढलं तो परत घालू शकतो. पुसणं अवघड, परत रेखाटणं सोपं. माझी नजर अशी आहे की एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही.

बारीक डोळा डावा की उजवा?

२० फेब्रुवारी
ऑफिसच्या फोटोसंग्रहातून सुरकुत्या घ्यायच्या ठरवल्या. संग्रह मीच उभा केलाय, हजारो बायका आहेत. सगळे फोल्डर पाहिले. एका बाईच्या गळ्याला घडी असेल तर शपथ. 'आजी' म्हणून एक मिळाली, तिचे केस पांढरे आणि बाकी सगळी तिशीची. तिचे केस पांढरे मीच केले होते, आता आठवलं.

पुरुषांना मात्र भरपूर. लेखक, गिर्यारोहक, शेफ, सगळ्यांच्या चेहऱ्यावर मुबलक. त्यांच्या आम्ही कधी काढत नाही, अनुभव दिसतो.

शेवटी पर्यटनाच्या पानावरचा म्हातारा कोळी घेतला. त्याच्या सुरकुत्या सासूबाईंवर बसवल्या. सासूबाई रात्रभर समुद्रावर जाऊन आल्यासारख्या दिसतात. डिलीट.

जेवलो नाही. भूक नव्हती, आणि गॅस पेटवायचा कंटाळा आला.

२३ फेब्रुवारी
कव्हरचं काम सुरू. हिचा फोटो उघडून नुसता बसलो. फार दिवसांनी समोरासमोर होतो दोघं.

अट पाळणार. फक्त रंग जुळवला, त्याला कुणी टच-अप म्हणत नाही. डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढली. ती तिची नव्हेतच, रात्रपाळीची आहेत. दुसऱ्याची वस्तू काढल्याने अट मोडत नाही.

२५ फेब्रुवारी
संपादकबाई म्हणाल्या, खरी हवी, पण इतकी खरी नको. मागच्या कव्हरवर क्रीमवाल्यांची जाहिरात आहे. त्यांचं म्हणणं, पुढे अशी बाई असेल तर आमच्या क्रीमचा उपयोग होत नाही असं वाटेल. मी ठणकावून सांगितलं, मी शब्द दिलाय, एक रेष हलणार नाही. बाई म्हणाल्या, मग दुसऱ्या कुणाकडे देऊ का काम?

दुसऱ्या कुणाच्या हातात मी बायकोला देईन? त्यापेक्षा मीच केलेलं बरं. प्रेमाने तरी होईल.

केलं. कपाळ, मग गाल, मग गळा. कपाळ केल्यावर गाल उघडे पडतात, गाल केल्यावर गळा दिसतो, एकदा हात घातला की थांबता येत नाही. कंबर मी आपण होऊन केली नाही. ती आपोआप होत गेली.

२७ फेब्रुवारी
प्रूफ आलं. संपादकबाईंनी बघितलं आणि शांतपणे विचारलं, हिचं कोपर कुठाय?

कमरेबरोबर गेलं होतं. आता नव्याने बसवायला वेळ नाही, छपाई उद्या. मी लगेच तोडगा काढला. 'जशी आहे तशी' ही अक्षरं मोठी केली आणि कोपराच्या जागी टाकली. सगळ्यांनी मांडणीची वाहवा केली. घरी येऊन दार लावलं आणि रडलो. खरं लिहितो, कारण ही वही कोणी वाचणार नाही. तिला काय सांगू?

२८ फेब्रुवारी
सांगायचं काहीच नाही. उपाय सापडला. प्रेसवाल्याकडून फक्त एक कव्हर हिच्या मूळ फोटोचं छापून घेतलं, एका अंकाला चिकटवलं. तो अंक हिला द्यायचा. बाकीचे अंक बाकीच्यांसाठी. दोघांचंही समाधान. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात तसलं हे नव्हे, ही व्यवस्था आहे.

मासिक ती विकत घेत नाही. दिसणार कुठे?

६ मार्च
हिचा फोन! आपण होऊन! हातातला कप तसाच ठेवून धावलो.

तिच्या हॉस्पिटलात, एक्स-रेच्या बाहेर, बाकावर आमचा अंक येतो. वर्गणी मीच भरून दिली होती, तिला कौतुक वाटावं म्हणून. विसरलो होतो. मनगट मोडलेली एक बाई तो अंक चाळत बसली होती. हिने तिला आत बोलावलं, तर कव्हर दाखवून हिलाच विचारते, या बाईंनी काय लावलं असेल हो तोंडाला?

सांगताना ही हसली. मला वाटलं, सुटलो. तिच्यासाठी एक खास प्रत ठेवली आहे हेही सांगितलं. हसायची थांबली.

मग म्हणाली, माझं राहू दे. आईचा फोटो दे, आणखी काही नको.

खोटं बोलायचं मी ठरवलं होतं. चांगलं वाक्यही तयार होतं. पण तोंडातून निघालं, फोटो नाही गं. मी त्याच्यावरच सेव्ह केला.

फोन कट झाला असं वाटलं. झाला नव्हता, तिचा श्वास ऐकू येत होता.

९ मार्च
मेहुण्याने निरोप दिला, ती बोलेल. मग ही फोनवर आली. रागावलेली नव्हती, त्याचीच भीती वाटली. म्हणाली, गळा आणि हनुवटी माझी थेट आईची आहे, सगळे म्हणतात. तू रविवारी ये. मी खिडकीत बसते. बघून काढ. आई परत आली तर मीही येईन.

फोटोग्राफरकडून शूटिंगचे बाकीचे फोटो मागवून चालेल का विचारलं. ती म्हणाली, नाही, तू स्वतः बघायचं. तरीही मी मागवून पाहिले. त्याने दिवेच असे मारले होते की गळ्याच्या बारीक घड्या उजेडात धुऊन निघाल्यात.

निर्धार: रविवारी फक्त बघायचं. काही सुधारायचं नाही. हात मागे बांधून ठेवायचे.

१४ मार्च
आरशासमोर सराव केला. स्वतःच्या गळ्याकडे बघत राहिलो. मला दोन घड्या आहेत. कधी लक्षात आल्या नव्हत्या.

उद्या ही घरी येईल. गादीवरची चादर बदलली. तिच्या बाजूची उशी उन्हात टाकली.

१५ मार्च, रविवार
मेहुण्याने पडदा सारला आणि आत निघून गेला. ही खिडकीपाशी साध्या खुर्चीत बसली. केस मागे बांधलेले, तोंडाला काही नाही. म्हणाली, बघ नीट.

कागद मांडीवर घेऊन बघत राहिलो. इतक्या वर्षांत असं कधी बघितलं नव्हतं. हनुवटीखाली एक घडी, तिच्या खाली दुसरी बारीक, कानाकडे जाताना फुटलेली. आणि एकदम त्यात सासूबाई दिसल्या. दार उघडताना मान अशीच पुढे काढायच्या त्या, कोण आलंय बघायला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हिने ते पाहिलं आणि तिच्याही आलं. इतकी जवळ ती कित्येक महिन्यांत नव्हती. मला वाटलं, झालं, आता हिला घेऊनच जायचं.

पेन्सिल टेकवली. आणि म्हणालो, मान जरा वर घे, म्हणजे गळ्याखालची ती घडी जाईल.

मी नाही म्हणालो. तोंड म्हणालं. रोज दहा जणींना म्हणतो, तसं निघून गेलं.

हिने डोळे पुसले, उठली, खुर्ची जागेवर ठेवली आणि आत गेली. मी थोडा वेळ बसून राहिलो. मग मेहुण्याने चपला दाखवल्या.

खाली रस्त्यावर आल्यावर कागद पाहिला. कोरा होता. तीच घडी आणायला गेलो होतो मी.