दगडाखालची विनोदिनी

वाई, ता. ३ ऑगस्ट १९४९

चि. अनंत,
अनेक आशीर्वाद. माझी प्रकृती ठीक. कृष्णेचे पाणी घाटाच्या वरच्या पायऱ्यांना लागले आहे. खुशाली संपली. आता राग.

तू अमेरिकेला गेलास उसाच्या किडीचा अभ्यास करायला. तिथे डोंगरात दगड उलटत बसलास आणि आजवर कुणी नाव न दिलेला भुंगेरा तुला सापडला. बरे झाले. पण उडता न येणाऱ्या, ओलीत गोगलगायी खाणाऱ्या त्या किड्याच्या लॅटिन नावात तू आईचे नाव घालणार? विनोदिनी? तुझे पत्र मी शेजारच्या शालूबाईंसमोर मोठ्याने वाचले. त्या म्हणाल्या, "मास्तर, हे बाईंचं श्राद्ध की बारसं हो?"

अरे, आमच्या कवितेतला भुंगा कमळात कोंडून मरतो, तोही सुगंधात! चाळीस वर्षे मुलांकडून तेच घोकून घेतले. तुझा हा चिखलातला. लाज नाही वाटली?

चार दिवस हे पत्र लिहितो आणि फाडतो आहे. राग उतरत नाही. पण तो तुझ्यावर ठरत नाही.

विनोदिनी हे नाव माझे. लग्नात तांदळावर अंगठीने मीच लिहिले. तेव्हा डोक्यात कविता घुमत असत, तालात बसणारे नाव हवे होते. ती अकरा वर्षांची, माहेरची मनू. "मग मनू कुठं गेली?" तिने तिच्या आईला विचारले. सारा मांडव हसला. मीही हसलो. वर्षभर ती हाकेला ओ देईना. तेव्हा मी, नवा मास्तर, तिच्याकडून पाटीवर ते नाव शंभरदा लिहवून घेतले. पाटी भरली की पुसायची, पुन्हा लिहायची. नंतर तिने कधी कुरकुर केली नाही.

शेवटच्या दिवशी मी तिला तीनदा हाक मारली. पापणी हलली नाही. कराडहून तुझा गंगाधरमामा आला, ओल्या धोतरानेच वाकला. "मने, अगं मी आलोय."

तिने डोळे उघडले. "दादा, किती उशीर रे."

मी उशाशी होतो. माझ्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. तुला मी एवढेच कळवले, की आई शांतपणे गेली.

तुझा निबंध अजून छापायला गेला नाही ना? मग ते नाव काढ. आईचे नाव देऊ नकोस असे म्हणत नाही. तिचे दे. मनू लिही. आणि पत्राची वाट पाहायला लावू नकोस, तार कर.

जिने शेवटी ओ दिली नाही, तिचा नवरा,
तुझा नाना