मंगलचे बूट

रविवार, ५ ऑक्टोबर

आज मंगल पळाली.

डॉक्टरांनी तिला साखरेसाठी रोज चालायला सांगितलंय. म्हणून महिनाभरापासून आम्ही दोघं सकाळी सुरतेतल्या दिंडोलीच्या तळ्यावर जातो. ती पुढे, मी मागे. आज तिसऱ्या फेरीला तिने ओढणी कमरेला बांधली, चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि सुटली. मला वाटलं कुत्रं मागे लागलं! अख्खी फेरी मारून आली. पंचेचाळीस वर्षांची बाई. धापा टाकत होती आणि हसत होती.

"पाय विसरले नाहीत हो," म्हणाली.

बाकावरचे एक काका मला म्हणाले, "भाभी तो जबरुं दोडे छे!" मी हो म्हटलं, जबरदस्तच पळते. काय सांगणार, लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आणि तिला असं पळताना मी आज पहिल्यांदा पाहिलं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

रोज दोन फेऱ्या पळते. मीही मागे पळून बघतो, अर्ध्यात थांबतो. बोलायचं असलं की ती कायम माझ्या उजव्या बाजूला. डावा कान लूमच्या खडखडाटाने कधीच खाल्ला. बावीस वर्षं कापडाच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात काढली, आता पॅकिंगला आहे, तिथे शांतता आहे पण कान काही परत येत नाही.

मुलगी बघायला अमळनेरजवळ तिच्या गावी गेलो होतो ते आठवत राहिलं. तिचे मामा म्हणाले, पोरगी खेळात आहे, जळगावपर्यंत जाऊन आली. मी तिला विचारलं, काय खेळता? "पळते." एवढंच. माझी आत्या हसून म्हणाली, "आते लगीननंतर कथा पयशी वं?" आता लग्नानंतर कुठे पळशील, म्हणून सगळे हसले. मंगल नाही हसली. मी तिच्या पायांकडे बघत होतो. भेगा पडलेल्या टाचा, लांब बोटं. तेव्हाच आवडली होती.

बुधवार, २२ ऑक्टोबर. पाडवा

स्वाती आणि जावई अडाजणहून आले. मंगल पळते हे पोरीला फोनवर कळलं होतंच. आल्या आल्या मोबाइल पुढे धरला. "पप्पा, दोघांची नावं टाकली आहेत. हाफ मॅरेथॉन. एकवीस किलोमीटर. फेब्रुवारीत. हवे ना नहीं पाडवानी, नाही म्हणायचं नाही!"

मी म्हटलं, एकवीस? मी दुधाला जाऊन आलो तरी बसतो.
मंगलने हात पुढे केला. मोबाइल घेतला, चष्मा लावून सगळं वाचलं, आणि म्हणाली, "तीन महिने आहेत. होईल."

ओवाळणीत मी तिला पळायचे बूट दिले. निळे. स्वातीनेच माप सांगितलं होतं. तिने खोक्यातून काढले, उलटसुलट करून पाहिले, नाकाला लावून वास घेतला. मग म्हणाली, "माझे पहिले बूट लिंबायतला दारातून चोरीला गेले. आठवतंय? गल्लीभर शोधले होते मी."

हो म्हणालो. करंजी तोंडात तशीच.

रविवार, २ नोव्हेंबर

लिहून टाकतो. कुठेतरी तरी लिहिलेलं असू दे.

ते बूट चोरीला गेले नव्हते.

लिंबायतची आमची दहा बाय दहाची खोली. लग्नाचं पहिलं वर्ष. मी उधन्याला खात्यात, सायकलने जायचो. ती उजाडायच्या आत पाणी भरायची आणि मग रेल्वेच्या बाजूच्या रिकाम्या मैदानात पळून यायची. साडीवर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. शाळेच्या सरांनी जळगावच्या स्पर्धेआधी दिलेले. लग्नात रुखवताबरोबर तेही आले होते, पिशवीत, घडी केलेल्या टॉवेलमध्ये.

मी तेव्हा झोपेत, मला माहीत नव्हतं. खात्यात कारीगरांनी सांगितलं. "रमेश, तुझी बायको रोज पळून जाते म्हणे. आणि परत कशाला येते रे?" अख्खं खातं हसलं. चालू लूमच्या आवाजातसुद्धा ते हसणं मला ऐकू आलं. दोन्ही कान चांगले होते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी दारातून बूट उचलले, डब्याच्या पिशवीत घातले आणि खात्यातल्या चिंधीच्या पोत्यात टाकून दिले. संध्याकाळी पोती गेली.

ती घरोघर विचारत फिरली. मीसुद्धा तिच्याबरोबर फिरलो. शोधायला.

त्यानंतर ती पळाली नाही. मी "नको पळूस" असं एकदाही म्हणालो नाही. म्हणायची गरजच राहिली नाही ना. पुढच्या वर्षी स्वाती झाली.

रविवार, १६ नोव्हेंबर

केनाल रोडवर आठ कि.मी. मी जमेल तसं, कुठे पळत कुठे चालत. ती पुढे जाते, वळून येते, परत पुढे. म्हणजे तिचे अकरा-बारा झाले असतील. एकदा म्हटलं, तू जा ना तुझ्या वेगाने. "दोघांचं नाव टाकलंय," म्हणाली.

घरी येऊन कळण्याची भाकरी आणि ठेचा. चार खाल्ल्या.

सांगायला हवं. आज नाही सांगितलं.

रविवार, ७ डिसेंबर

बारा कि.मी. दोघांनी, न चालता! शेवटी माझ्या डोळ्यांपुढे काजवे.

येताना पोंक घेतला. तिकडचा आपला हुरडा, इकडचा पोंक, ज्वारी तीच. बरोबर लिंबू-मिऱ्याची शेव. रस्त्याच्या कडेला बसून खाल्ला आणि ती बोलायला लागली. किती वर्षांनी एवढी बोलली. शाळेत अनवाणी पळायची. शेताच्या बांधावरून सराव. जळगावला गेली तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा बूट घातले, ते चावले, तरी दुसरी आली. सर म्हणाले होते, पुढच्या वर्षी पहिली येशील. पुढच्या वर्षी माझ्याशी लग्न झालं.

"मग?" मी विचारलं.
"मग काय. सुरत."

त्यात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

रविवार, २८ डिसेंबर

सोळा. माझा उजवा गुडघा दुखतो. मंगलने घरी येऊन तेल चोळलं. लग्नानंतर मला कावीळ झाली होती तेव्हा अशीच पायाशी बसायची. खोलीत एकच पंखा, तोही माझ्याकडे वळवलेला.

तिची साखर उतरली आहे. डॉक्टर म्हणाले, काय करता? ती म्हणाली, पळते. सतरा-अठरा वर्षांच्या पोरीसारखं म्हणाली.

बुधवार, १४ जानेवारी. उत्तरायण

गच्चीवर सगळी सोसायटी. पतंग, उंधियू, लाउडस्पीकर. शेजारणी मंगलला विचारत होत्या, बेन, अमने पण शिखवाडो. तिने तिथेच चौघींना पाय कसे ताणायचे ते दाखवलं. मी फिरकी धरून बघत होतो. हे सगळं केव्हापासून व्हायला हवं होतं.

शनिवार, ३१ जानेवारी

नंबर छापलेली कापडं आणून ठेवली. तिचा नंबर तिने चार पिनांनी टीशर्टवर लावला, मग माझा. पिना लावताना जीभ बाहेर. स्वाती लहान असताना तिच्या शाळेच्या गणवेशाला बटण लावायची तशीच.

ठरवलंय, शर्यत झाली की सांगायचं. घरी. शांतपणे. शर्यत आधी होऊ दे, तिची आहे ती.

रविवार, १ फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहितो.

पहाटे स्वाती-जावई गाडीने सोडून गेले. डुमस रोडवर हजारो माणसं. ढोल, लाइट, माइकवर कोणीतरी ओरडतंय. मंगलने सुटायच्या रेषेला हात लावून नमस्कार केला. सुटलो. ती माझ्या उजवीकडे. एक, दोन, पाच. उजाडलं. रस्त्याच्या कडेने लोक टाळ्या वाजवत होते, एक आजी "चालो चालो बेन" म्हणत होत्या. गुडघा गप्प होता. मला खरंच वाटलं, होतंय!

डुमसकडे वळण आलं तसं समुद्राचं वारं लागलं. मंगल म्हणाली, "आठवतंय का, पहिल्या वर्षी आलो होतो बसने? टोमॅटोची भजी. तुम्ही तोंड भाजून घेतलं होतं." मला सगळं आठवत होतं. काळी वाळू, तिच्या हातातल्या चपला, तिची हिरवी साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. ती लाटेपुढे पळत होती, चार पावलं, आणि आजूबाजूला माणसं बघून थांबली होती. तेही आठवलं.

बारा-तेरा झाले असतील. ती खुशीत होती. म्हणाली, "एक सांगू? त्या बूटचोराला मी वर्षानुवर्षं शिव्या दिल्या. भांडी घासताना, पाणी भरताना. आज वाटतंय, जाऊ दे. गरजू असेल बिचारा. माफ केलं त्याला."

मला राहवलं नाही. घरी सांगायचं ठरलं होतं. पण ती मला बिचारा म्हणून माफ करत होती आणि मी बाजूने पळत होतो.

"चोर नव्हता," मी म्हणालो. "मीच टाकले होते ते. खात्यात लोक हसले म्हणून."

ती पळत राहिली. वेग तोच. मला वाटलं ऐकू गेलं नाही. परत सांगायला तोंड उघडलं तेव्हा तिने हात वर केला, पुरे अशा अर्थाने. दोन विजेचे खांब गेले, चार गेले. तिच्या श्वासाचा आवाज येत होता फक्त. मग ती माझ्या मागून डाव्या बाजूला आली, काहीतरी बोलली. तीन-चार शब्द असतील. डावा कान. मी "काय?" म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेली.

पाठ दिसत होती बराच वेळ. निळे बूट. खांदे सैल, हात जवळ, मान सरळ. ती तीन महिने माझ्यासाठी किती हळू पळत होती हे मला तेव्हा कळलं. माणसं मागे टाकत गेली, पोरंसुद्धा. मला रडू येत होतं आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटत होता, आणि तो वाटायचा मला काय हक्क.

मग गुडघा गेला. चाललो. पाणी देणारी मुलं टेबलं आवरत होती. मागे राहिलेल्यांना उचलणारी गाडी येत होती, मला ऐकू आली नाही, पोलिसाने दंडाला धरून बाजूला घेतलं. "काका, बेसी जाओ गाडीमां." नाही बसलो.

पोचलो तेव्हा शेवटच्या फुगवलेल्या कमानीची हवा काढत होते. मंगल फुटपाथवर बसली होती, गळ्यात पदक, शेजारी स्वाती. स्वाती ओरडली, "पप्पा! मम्मी दोन तास वीस मिनिटांत आली!" मंगलने उठून मला केळं सोलून दिलं. माझ्याकडे न बघता. गाडीत पुढे बसली, जावयाशेजारी.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

जेवण वेळेवर. चहा वेळेवर. गुडघ्याला गरम पिशवी, तीही वेळेवर. बोलणं नाही.

स्वातीचा फोन, "शुं थयुं पप्पा, मम्मी गप्प का आहे?" थकली आहे म्हणालो. परत खोटं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

विचारलं, त्या दिवशी काय म्हणालीस? डाव्या बाजूला?
"ऐकू नाही आलं ना?"
नाही.
"मग राहू द्या."

एवढं तरी बोलली.

रविवार, ८ फेब्रुवारी

सकाळी एकटी गेली. मी खिडकीतून पाहिलं, कोपऱ्यावर शेजारच्या दोघी तिची वाट बघत होत्या. तिघी निघाल्या. तासाभराने आली, घामाघूम, चेहरा मोकळा. मला बघून परत मिटला.

भाकऱ्या करत होती तेव्हा जाऊन ओट्याशी उभा राहिलो. म्हटलं, मंगल, मी भ्यायलो होतो तेव्हा. लोकांना. बावीस-तेवीसचा नव्हतो, सत्तावीसचा होतो, कळत होतं सगळं. तू शोधत फिरलीस तेव्हाच सांगायला हवं होतं. चुकलो.

ती थापत राहिली. मग म्हणाली, "बुटांचं एवढं नाही हो. मी शोधत होते आणि तुम्ही माझ्याबरोबर शोधत होतात. शेजारच्या आक्काला म्हणालात, 'तिचे फार जिवाचे बूट होते.' ते शब्द मला किती गोड वाटले होते, माहितीये? तेवढ्यावर मी कितीतरी वर्षं काढली."

मला हे बोललेलं आठवतही नव्हतं.

"चोराला माफ केलं होतं," ती म्हणाली. "तुमचं अजून ठरलं नाही."

भाकरी तव्यावर टाकली. मी उभाच. भाकरी उलटून म्हणाली, "बसा. गुडघा दुखेल."

गुरुवार, १२ फेब्रुवारी

गुडघा बराच बरा. डॉक्टर म्हणाले हळूहळू चाला, महिनाभर पळू नका.

मंगलला शर्यतीत भेटलेल्या बायकांचा फोन आला होता. मार्चमध्ये कुठेतरी बाहेरगावी पळायला चालल्या आहेत, ती जाणार आहे. मला विचारलं नाही, सांगितलं. ते बरोबरच आहे. सरावाचा कागद तिने फ्रिजवर चिकटवला. रोजचे किलोमीटर, तिच्या मराठी शाळेतल्या गोल अक्षरात.

आत्ता, जेवणं झाल्यावर, ताटं उचलताना म्हणाली, "पाचचा गजर लावा."

तिच्या एकटीसाठी की दोघांसाठी, ते काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. लावलाय.