उजव्या कानाचं मशीन

३ फेब्रुवारी, सोमवार

नाही म्हणाले. पेटी उघडूनसुद्धा बघितली नाही.

महिनाभर वापरून बघायला म्हणून दवाखान्यातून आणलं होतं. उजव्या कानाचं. मॅडमकडे शब्द टाकून. दिवसभर मी परक्या माणसांचे कान तपासते, त्यांना मशीन बसवून देते, आवाज कमी-जास्त करून देते. आणि घरी माझे वडील, ज्यांच्या कानांचा आलेख मी न तपासता काढून दाखवीन, ते पेटी एका बोटाने माझ्याकडे परत सरकवतात!

"मशीनला ठिगळ लागलं की ते भंगारात," म्हणाले. "माणसाचंही तेच."

पत्रा कापायच्या कारखान्यात फोरमन होते. कान तिथेच गेले. हे वाक्यही तिथूनच घरी आलं.

पेटी टीव्हीखालच्या खणात ठेवली. सेलची पाकिटं पण. भांडले नाही. वाढायला घेतलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

डोक्यातून जात नाही. कारखान्यात हाच माणूस प्रत्येक यंत्र वेळच्या वेळी तपासायचा. नटबोल्ट ढिला दिसला तर अख्खी पाळी थांबवायचा. मग स्वतःचं ते एक वाक्य कधीच तपासावंसं वाटलं नाही?

त्या वाक्याने काय केलंय ते मला दिसतं. पत्ते खेळायला जाणं बंद — "हसतात माझ्यावर." तिथे विनोद होतो, माणसं हसतात. यांना फक्त हसणारी तोंडं दिसतात. ताईचा फोन येत नाही म्हणून तिच्यावर रुसलेत. ताई दर रविवारी करते. फोन यांच्या उशाशी वाजून वाजून थकतो. दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडतात. जेवण निम्म्यावर आलंय. डॉक्टर म्हणाले, मन रमत नाही त्यांचं. कशात रमेल? सगळं जग आपल्याला टाळतंय अशी यांची पक्की खात्री, आणि पुरावे रोज नवे मिळतात.

आई होती तोवर ती आमच्या दोघांच्या मधे उभी राहून ओरडायची. त्यांचं मला, माझं त्यांना. घसा कायम बसलेला. दोन वर्षांपूर्वी ती गेली. आता घरात ओरडणारं कोणी नाही. मी ओरडत नाही. ते मला जमत नाही आणि जमवायचंही नाही.

लोक म्हणतात, वयस्कर माणूस आहे, कीव कर. कीव येत नाही. राग येतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

थंडी ओसरली आणि यांना कपाटातली कानटोपी आठवली. घरात घालून बसतात. मी काही विचारलं नाही. निषेध असणार — कान मला दिसूसुद्धा द्यायचे नाहीत. ठीक आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

भांडी घासताना मी बोलते. मोठ्याने नाही, नेहमीच्या आवाजात. पलीकडच्या खोलीत ते पाठमोरे, खुर्चीत. मधलं दार सताड उघडं. काहीही बोलावं, चालतं. एवढी एकच सोय आहे या घरात.

आज म्हटलं, "दिवसभर काय केलंस, दमलीस का, एवढं तरी कधी विचारलंत? शेजाऱ्यांना सांगता, आमची धाकटी कान कोरते. कान कोरते! तीन वर्षं शिकले मी त्यासाठी. एकदा येऊन बघितलंत का मी काय करते ते?"

मग नळ बंद केला, हात पुसले. बरं वाटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

ताईचा फोन. स्वयंपाकघरातूनच, दार उघडं ठेवून, तिला भाड्याच्या खोलीचं सांगितलं. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत, एकटीपुरती. खिडकी म्हणावी अशी नाही, छताजवळ एक झरोका आहे. महिनाअखेरीपर्यंत कळवायचंय.

"बाबांना सांगितलंस?"

"शेवटच्या दिवशी सांगेन. पाटीवर लिहून."

"अगं, त्यांचं काय खटकतं तुला, ते बोल ना एकदा त्यांच्याशी."

म्हटलं, मागून घेतलेल्या चौकशीला काय अर्थ आहे? ज्याला काळजी असते त्याला कळतं. सांगावं लागलं म्हणजे संपलं.

ताई हसायलाच लागली. "अगदी बाबा! त्यांना मशीन चालत नाही, तुला तोंड उघडून सांगणं चालत नाही. दोघं मिळून जा भंगारात."

फोन ठेवला मी. त्यांच्या अडेलपणाशी माझी तुलना! त्यांचा तो हट्ट आहे. माझं तत्त्व आहे. एवढा साधा फरक तिला कळू नये?

११ फेब्रुवारी, मंगळवार

हद्द झाली. घरात पाऊल टाकलं, चपलाही काढल्या नव्हत्या. खुर्चीतून प्रश्न — "आज किती कान झाले?"

टोमणा मारायलाही वेळ ठरवून बसले होते बहुतेक. "मोजत नाही मी," म्हटलं आणि आत गेले. ऐकू गेलं नसेलच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

माझी मोठी बॅग माळ्यावरून काढून दिवाणखान्याच्या मधोमध आडवी टाकली होती. शेजारी वर्तमानपत्र, त्यावर पाना, तेलाची कुपी. शिकताना वसतिगृहात नेलेली बॅग. एक चाक तेव्हापासून मोडकं. ते बदलून झालं होतं. जुन्या ट्रॉलीचं काढून, घासून, बरोबर बसवलेलं. हाताने फिरवून बघितलं, आवाजही येत नाही.

"कशाला हे?" हातवारे करून विचारलं.

"चाक मोडकं होतं," म्हणाले. बस. माझ्याकडे बघितलं नाही.

रिकामपणाचे उद्योग. इतकी वर्षं मोडकं चाललं ते! मला दाखवायलाच चढले असतील माळ्यावर, या वयात, स्टूल ठेवून. पडले असते तर? जेवलेही नाहीत धड. मी बॅग उचलून माझ्या खोलीत नेली. निदान आयती खाली आली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज एक निवृत्त दुकानदार, बायकोबरोबर. मशीन बसवलं, चालू केलं. पाच मिनिटं गप्प बसून ऐकत होते. मग मला हळूच म्हणाले, "ही इतकी बोलते?" बायको म्हणाली, "ते काढून ठेवा हो परत." दोघंही हसत गेले.

परक्यांची माणसं हसत घरी जातात. माझ्या हातून! संताप झाला माझा, कारण नसताना. दुपारी तपासणीच्या खोलीत दार लावून बसले जरा वेळ. तिथे बाहेरचं काही ऐकू येत नाही.

संध्याकाळी भांडी घासताना तेच बोलले — दुकानदाराचं. शेवटी म्हटलं, "तुम्हाला एकदा असं हसताना बघायचं होतं मला. राहिलं." आवाज थोडा गेला माझा. कोण ऐकतंय!

२० फेब्रुवारी, गुरुवार

मॅडम म्हणाल्या, "बाबा वापरत नसतील तर उद्या घेऊन ये गं ते मशीन. एक बाई वाट बघतायत." आणते म्हटलं. खोलीवाल्या बाईंनाही उद्याच हो कळवणार. एकाच दिवशी दोन्ही निकालात.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी खणातून पेटी काढली तेव्हा ते बघत होते. पेटी पर्समध्ये टाकून निघाले.

दुसऱ्या माणसाला द्यायचं तर आधी साफ करावं लागतं. कानात जाते ती रबरी टोपी काढली. तिच्याआड एक बारीक जाळी असते, मळ आत जाऊ नये म्हणून. ती बुजलेली होती. पार, काठापर्यंत, पिवळट मळाने.

मशीन नवं होतं. जाळी माझ्या हाताने बसवलेली. एकदा-दोनदा घालून बघितलं तर असं होत नाही. रोज घालावं लागतं, बराच वेळ. लोकांना मीच सांगते — जाळी बुजली तर घाबरू नका, मशीन वापरात आहे असा अर्थ.

चिमटा हातात धरून तशीच बसले.

कानटोपी.

भांड्यांपाशी काय काय बोलले ते आठवायला लागले. किती कान झाले — मी शनिवारी बोलले आणि यांनी मंगळवारी विचारलं. तीन दिवस जुळवाजुळव करत असतील. आणि मी काय उत्तर दिलं!

खोलीचंही ऐकलं. जाऊ नको म्हणाले नाहीत. माळ्यावर चढले, चाक बसवलं.

बोलता येत नव्हतं? एका शब्दाने? मला कळतं — मशीन घातलंय हे कबूल करावं लागलं असतं. म्हणून मुलगी गेली तरी चालेल! असला कसला माणूस.

हे लिहिलं आणि ताईचं हसणं कानात आलं.

खोलीवाल्या बाईंना फोन केला नाही. घरी आले तेव्हा कानटोपी खुंटीवर होती. टीव्ही लावलेला नव्हता. नुसते बसले होते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

नवी जाळी घातली. सकाळी पेटी खणात होती तिथे ठेवली, ते अंघोळीला गेले तेव्हा. मॅडमना सांगितलं, मशीन आम्हीच घेतोय, त्या बाईंना दुसरं बघू.

संध्याकाळी टोपी डोक्यावर. खुर्ची, पाठ. मी भांडी घासताना, न वळता, नेहमीच्या आवाजात म्हटलं, "आज अकरा."

नळ बंद केला.

"अकरा?" पलीकडून आवाज आला. "एक जण एकच कान घेऊन आला होता का?"

मला हसू आलं ते त्यांनी ऐकलं असणार. मग —

"त्या खोलीला खिडकी नाही ना गं?"

"नाही," मी म्हटलं. ओरडून नाही.