हलकी चाकं

शनिवार, ४ जून
क्लबच्या सायकल शर्यतीत पुन्हा शेवटून दुसरी. शेवटचा आला आमचा क्लेम! सत्तर वर्षांचा, खोकला असा की कुंपणापलीकडच्या मेंढ्या पळाल्या, पण तोंड म्हणून बंद नाही. "नोला, चाकं आहेत की दगड बांधलेत? बदल की!" सख्खा भाऊ नसता तर पंपच फेकून मारला असता.

मंगळवार, ७ जून
हॅमिल्टनच्या सायकलच्या दुकानात जाऊन आले. कार्बनची चाकं — चोवीसशे डॉलर! हातात घेतली, वजनच लागेना. दुकानदार म्हणतो, "आधी पोट कमी करा, ते फुकट होईल." विकायचंय की नाही मेल्याला? इकडे छप्पर गळतंय. सहासष्टाव्या वर्षी हरवायचंय तरी कुणाला मला?

गुरुवार, ९ जून
नाही घेणार. पक्कं.
आणि कारण पैसे नव्हे. आमच्या क्लबात संथ माणसांना आधी सोडतात, जलद मागून, घोळक्या-घोळक्याने. पहिल्या घोळक्यात आम्ही दोघंच उरलोय. मी जरा जोरात गेले की रोंडा मला मागच्यांत टाकणार. क्लबात कोण कधी सुटणार, ते तीच ठरवते. मग क्लेम पुढे एकटा, ऐन जूनच्या थंडीत, त्या दक्षिणेच्या बोचऱ्या वाऱ्यात! चढावर मी मुद्दाम हळू जाते. त्याला हे कळता कामा नये.

सोमवार, १३ जून
क्लेमचा फोन. "छप्पर काय पळून जातंय? घे म्हटलं ना!" एवढा का चिडतो? त्याने फोनच आपटला.
घेतली. डोकं फिरलंय माझं.

शनिवार, १८ जून
काय केलं मी हे! उतारावर चाकं अशी सुटली, इतकं बरं वाटलं, की मागे वळून बघायचंच विसरले. जिंकले. बक्षीस म्हणून कच्च्या मटणाच्या चॉप्सचं ताट. क्लेम पोचला तेव्हा चहा संपला होता. ओठ निळसर. "शाबास, म्हातारे!" म्हणाला आणि हँडलवर डोकं टेकून उभा राहिला. रोंडाने तिथल्या तिथे मला दुसऱ्या घोळक्यात टाकलं. चॉप्स फ्रीझरमध्ये ढकलल्या. जेवायची इच्छाच नाही.

बुधवार, २२ जून
वापरलेली चाकं दुकानदार परत घेत नाही. जुनी बसवते म्हटलं, तर रोंडा म्हणते, "पाय तर तुझेच ना?" चांगलंच शेण खाल्लंस, नोला.

शनिवार, २५ जून
क्लेम आलाच नाही. रुसला! पहिल्या घोळक्याची वेळ झाली, रस्त्यावर कुणीच नाही. रोंडाला म्हटलं, जरा थांब, येईल तो. तिने माझ्याकडे बघितलं आणि यादीतून त्याचं नाव खोडलं.

रविवार, २६ जून
त्याच्या घरी गेले. डॉक्टरांनी त्याला मार्चमध्येच सायकल बंद करायला सांगितली होती. हृदय. रोंडाला माहीत होतं, मला नाही. क्लेम म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तूही सोडून घरात बसली असतीस. तू मागच्या घोळक्यात, चार माणसांत जाईपर्यंत मी येत राहायचं ठरवलं होतं."
मला वाटत होतं, मीच त्याला सांभाळतेय.