आधी मेलेले, मग जिवंत

५ मे, सोमवार
पोचले एकदाची. जेऊरहून पॅसेंजर, सोलापूर स्टेशनवरून रिक्षा, आणि रिक्षावाल्याशी भांडण न होता घर सापडलं, म्हणजे दिवस चांगला म्हणायचा. निळं दार, वर पत्र्याची पाटी : ‘प्रभू येत आहे’. माझा पेशंट मायाप्पा पास्टर. ऐंशीच्या पुढचा, डावी बाजू लकव्याने गेलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. आवाज मात्र अजून मंडपभर जाईल असा. सून करुणावहिनी बोलायला गोड. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाढता वाढता म्हणाली, की नर्सिंग ब्युरोने आधी धाडलेल्या बाया उन्हाला भिऊन पळाल्या, तुमी तेवढं टिका. मी म्हटलं, वहिनी, मी टिकायलाच आलेय. खोलीत कूलर आहे, खिडकीबाहेर कडुलिंब आहे. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

७ मे, बुधवार
आज गल्लीची पाण्याची पाळी. पाणी आलं की इथल्या बाया जेवत्या ताटावरून उठतात. समोरच्या सिद्धम्माने आपला पाइप आधी लावला म्हणून केवढं रण माजलं. तिने मला नवी बाई म्हणून एक कळशी भरू दिली आणि म्हणाली, की हितं नवरा सोडला तर चालतंय, पाणी सोडायचं न्हाय.

म्हाताऱ्याची एक गंमत कळली. तो दर थोड्या वेळाने घरातल्या सगळ्यांना नावाने हाका मारतो. ओ मिळाली की शांत. नाही मिळाली की घामाघूम. वहिनी हसत म्हणाली, की त्यांना लई भ्या हाय, प्रभू येऊन सगळ्यांना वर घेऊन जाईल आणि आपण एकटेच मागं राहू. पाय चोळताना तो मला शेवटच्या दिवसांचा क्रम शिकवतो, पाढे शिकवावेत तसा. आधी कर्णा वाजेल. मग ख्रिस्तात मेलेले उठतील. मग जिवंत विश्वासणारे ढगांत घेतले जातील, अंगावरचे कपडे जिथल्या तिथे राहतील. बाकीचे मागे राहतील. त्यानंतरचं तर पुष्कळच सांगतो. क्रम चुकला की माझ्यावर ओरडतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

९ मे, शुक्रवार
इथे लिहून ठेवते, कारण कुणाला सांगण्यासारखं नाही.

हे घर मी ब्युरोकडून मागून घेतलंय. माझी धाकटी बहीण ऋतुजा. तिने दुधनीच्या रेवणसिद्धशी लग्न केलं, लिंगायताच्या घरात गेली. पहिल्या बाळंतपणात ती गेली, बाळही गेलं. आमचे वडील, बापू, तिला आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या दफनभूमीत आणायला निघाले, तर हाच मायाप्पा फाटकात आडवा उभा राहिला. सगळ्यांसमोर म्हणाला, की ही कळप सोडून गेली, पहिल्या पुनरुत्थानात हिचा वाटा नाही. ही अगदी शेवटी उठेल आणि तीही फक्त शिक्षा ऐकायला. बापूंनी डोक्यावरची टोपी काढून त्याच्या पायाशी ठेवली. तो टोपी ओलांडून गेला. शेवटी रेवणसिद्धच्या लोकांनी तिला परत नेलं आणि त्यांच्या रीतीप्रमाणे शेतात, बसवून पुरलं. माझी ऋतू त्या काळ्या मातीत मांडी घालून बसली आहे. बापूंनी त्यानंतर प्रार्थनाच केली नाही.

म्हाताऱ्याने मला ओळखलेलं नाही. मी त्याचं तोंड पुसते, त्याला घास भरवते, आणि प्रत्येक घासाला मनात तिचं नाव घेते. त्याला मारायचं नाही. मेला तर सुटेल. त्याला मागे ठेवायचंय.

१२ मे, सोमवार
जमलं. वहिनी आणि तिचा नवरा उद्या पहाटेच मोडनिंबला लग्नाला निघणार. म्हाताऱ्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर जाऊ देत न्हाईत, तुमीच सांबाळून घ्या की, म्हणाली. घेते की. मेच्या दुपारी या गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकत नाही. दारं बंद, खिडक्यांना ओली पोती. माणसं आत झोपली आहेत की वर नेली आहेत, कोण सांगणार? माझ्या कामाला हे गाव फार सोयीचं.

१३ मे, मंगळवार
वहिनीचा गाऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात टाकला, त्याला खाटेवरून अंधूक दिसेल असा. गाऊनखाली तिच्या चपला. पोळपाटावर अर्धी लाटलेली पोळी. तव्यावर एक करपवली, वास त्याच्यापर्यंत जावा म्हणून. मग शेजारच्या खोलीत बसले.

त्याने करुणा, अशी हाक मारली. मग मुलाला. मग मला. मी कलिंगड खात होते. आवाज न करता कलिंगड खाणं अवघड असतं, पण जमतं. हाका वाढल्या. मग त्याला गाऊन दिसला असावा. असा आवाज मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू, पोटभर आनंद झाला.

१३ मे, दुपार
रडतोय. देवाशी बोलतोय. आणि आता फाटकावरची पोरगी म्हणाला. ऋतुजा म्हणाला. तिच्या बापाची टोपी म्हणाला. सगळं आठवतंय म्हाताऱ्याला, इतकी वर्षं आठवत होतं. मी चुकलो, तिला मी कोण अडवणारा, असं पुन्हा पुन्हा म्हणतोय.

आता आठवतं होय? मी जाणार नाही. अजून रड.

१३ मे, नंतर
पाणी आलंय. पाळी आज नव्हती, तरी आलंय. गल्लीत कुणी नाही.

कळश्यांचा आवाज नाही. भांडण नाही. खिडकीतून पाहिलं. सिद्धम्माचा पाइप रस्त्यावर नुसता वाहतोय आणि त्याच्याशेजारी तिचं लुगडं पडलंय, चोळी लुगड्यातच, बांगड्या चोळीच्या बाहीत. गाऊन मी टाकला होता. हे मी टाकलेलं नाही.

वहिनीला फोन लावला, नुसता वाजतो. ब्युरोत वाजतो. घरी आईचा वाजतो. कोपऱ्यापर्यंत पळत गेले. रिक्षा चालू, सीटवर खाकी शर्ट. पाणी पार हमरस्त्यापर्यंत गेलंय, आणि हे सोलापूर आहे. इथे मयताच्या घरातसुद्धा कुणीतरी उठून नळ—

१३ मे
रडणं थांबलं. म्हातारा हळू बोलतोय. एकटा नाही बोलत. मधे थांबतो, ऐकल्यासारखा.

दारातून पाहिलं.

त्याच्या खाटेपाशी जमिनीवर कुणीतरी बसलंय. मांडी घालून. केसांत काळी माती. पाठमोरी आहे पण पाठ मी ओळखते, ती पाठ मी न्हाऊ घातली आहे—

शेवटी उठेल म्हणाला होता. ती सगळ्यांच्या आधी आली.

मी म्हटलं, ऋतू, विचार त्याला. फाटकातलं विचार. बापूंचं विचार. ती वळली नाही. तिने हात पुढे केला. आणि त्याचा डावा हात, मेलेला, रोज मी उचलून धुते तो—आपला आपण वर आला.

खाटेवर आता लुंगी आहे. शर्ट आहे, गुंड्या लावलेला. तो नाही.

तो मागे राहणार होता. तो. मी त्याला इतकं रडवलं की त्याने मागितली, माफी मागितली, आणि त्याला—मीच—

दारात ती थांबली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. म्हणाली, ताई, मी त्यांना कधीच सोडलं होतं. तू का गं धरून बसलीस. मी म्हटलं मला ने. ती माझ्याकडे बघून रडली. मग लुगडंच होतं उंबऱ्यावर, मातीचं.

१३ की १४
ऊन उतरत नाही. सावल्या तिथेच.

यापुढे काय येतं? म्हातारा क्रम रोज सांगायचा. ‘मागे राहतील’ इथवर मी ऐकायचे, आणि मग त्याचं तोंड बघत मनात हसत बसायचे. पुढचं सगळं सांगितलं त्याने. मी एक शब्दही ऐकला—

पाणी थांबलं.

गेलं नाही. बंद केलं. कुणीतरी तोटी पिळून नळ बंद केला, आवाज आला. म्हणजे कुणीतरी आहे. सिद्धम्मा असेल. वहिनी परत—

वहिनीच्या आवाजात हाक मारतंय. आता सिद्धम्माच्या. आता बापूंच्या. सगळ्यांना माझं नाव माहीत आहे. दार मी लावलं होतं. म्हणतंय, पूनम, घाबरू नको, क्रमाने घेऊ, आधी