शेवटच्या नाल्यापर्यंत

६ फेब्रुवारी, गुरुवार

गुडघा ठणकतोय. तेल झालं, पट्टा झाला, काही फरक नाही.

दुपारी दिलीप आला होता, मोहपठारचा. आधी ओळखलंच नाही, पोराचे केस पांढरे व्हायला लागले. त्याच्या मोठ्या मुलीचा जन्म माझ्या हातचा. चहा घेतला, सोयाबीनचं बोलला, मग मुद्द्यावर आला. गाव जंगलातून खाली आणून दोन वर्षं झाली. सगळ्यांना डांबरी रस्त्याच्या कडेला घरं मिळाली. पण याचे वडील, सोमाजीबाबा, अजून वरच. एकटे. वाघाचं जंगल आणि डोळ्यात मोतीबिंदू.

"सिस्टरबाई, तुमचं आयकते तो. एकडाव वर येजा."

"अरे, मी रिटायर झाली आता."

"म्हनून तं आलो. सरकारी मानूस दिसला का बुढा दार लावून घेते."

हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. तो गेल्यावर कप धुतले. थोड्या वेळाने तेच कप पुन्हा धुतले.


९ फेब्रुवारी, रविवार

गेली होती. आता पाय बादलीत आहेत.

जंगलखात्याच्या चौकीवर वहीत नाव लिहावं लागतं. गार्ड मुलगी चांगली होती. "बोलत बोलत जा, गप्प चालू नका," म्हणाली. म्हणजे जनावराला कळतं, माणूस येतोय. सहा कि.मी. पूर्वी हातात लसीचा डबा घेऊन दीड तासात चढत होती. आज सव्वातीन.

वर जायची दगडी पांदण तशीच आहे. काळे चौकोनी दगड, मधे बैलगाडीच्या चाकांच्या चाकोऱ्या. कोणी बसवले, कोणालाच माहीत नाही. काही ठिकाणी मुळांनी दगड उचलून धरलेत. सागाची पानं गळून पडलीत. खाली दगड आहे की फट, कळत नाही. काठी टोचून टोचून चालली. दिलीप पुढं राशनची थैली घेऊन. पळस फुललाय वर. मी मान वर केलीच नाही, पायाकडेच बघत होती.

शेवटच्या नाल्यावर बसली. कोरडा होता. दिलीप म्हणाला, "आता हे काय, घर आलंच." मला माहीत आहे किती आलं ते. त्याला म्हटलं, चपलेत खडा गेला.

वर आता भिंतीच उरल्यात, छपरं लोकांनी नेली. सोमाजीबाबांचं घर तेवढं उभं. बाबा दारात. दिसत नाही नीट, आवाजावरून ओळखलं. "सिस्टरबाई आल्या! बसा बाप्पा, किती वर्सांनं." बी.पी. १७०/१००. गोळ्या आहेत, घेत नाहीत.

खाली यायचं काढलं तर सरळ म्हणाले, "तिथं नाई राहात मी. सुखदेवच्या भिताडाले माह्यं भिताड लावून देलं त्याईनं."

सुखदेव, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ.

"माही पोरगी इंदू गेली त्या दिवशी त्यानं निरोप टायमावर देला असता, तं तुमी आल्याच असत्या. तो दारूत बसला. तुमचा काई दोस नाई, बाई. मी सगळ्याईले हेच सांगतो."

मी बी.पी.चं मशीन पिशवीत भरत होती. पट्टा न गुंडाळताच आत कोंबला.


१० फेब्रुवारी

उठता येत नाही. मांड्या दगड झाल्यात. दिवसभर पडून.

म्हणजे एकोणीस वर्षं भाऊ भावाशी बोलला नाही. मला वाटलं होतं, विसरले असतील. बदली घेऊन निघून आल्यावर मी कधी विचारलंच नाही.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

आता लिहूनच टाकते. कुठेच लिहिलेलं नाही.

पोळ्याच्या आधीचा आठवडा होता. पाऊस. इंदू, दिलीपची बहीण, पहिलटकरीण, माहेरी आलेली. सुखदेव उपकेंद्रात आला तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. दारूचा वासही नव्हता. धापा टाकत होता. मी त्यालाच म्हटलं, मी वर निघते, तू पुढच्या गावात जाऊन जीप बघ, खाली आणावी लागली तर. तो तसाच पळाला. मी निघाली, एकटी.

शेवटच्या नाल्यापर्यंत पोचली. पाणी मांडीपर्यंत असेल, लाल, जोरात. एक पाय टाकला, दगड सरकला, पिशवी भिजली. बाहेर येऊन बसली. अर्धा तास. पाणी उतरेल म्हणून. उजेड होता अजून. मग बांबूत काहीतरी मोडलं. मी उठली आणि खाली चालायला लागली. एकदा चालायला लागल्यावर थांबलीच नाही.

इंदू पहाटे गेली. बाळ पण.

मी रजिस्टरमध्ये लिहिलं, निरोप मिळाला रा. ९.००, अंधार व पुरामुळे जाणे शक्य झाले नाही. चौकशीला साहेब आले, त्यांनी तेच वाचलं. सुखदेवला जीप मिळाली नव्हती. चिखलात कोणी गाडी काढेना. कुठंतरी प्यायला, सकाळी वर गेला तेव्हा वास येत होता. त्याने साडेतीन साडेतीन म्हणून खूप सांगितलं म्हणे. रजिस्टर माझं होतं. त्याचं कोण ऐकतं.

ह्यांना आज सांगितलं. लग्नाला तेहेतीस वर्षं, आज सांगितलं. बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिले, टीव्ही बंद होता. मग म्हणाले, "आता पेन्शन सुरू झाली. कशाला उकरतेस?"

थोड्या वेळाने म्हणाले, "पट्टा नवीन घे, तो ढिला झालाय."


१६ फेब्रुवारी, रविवार

दुसऱ्यांदा गेली. नवीन पट्टा. तीन तास दहा मि.

सांगायलाच गेली होती. पांदणीने पूर्ण रस्ता मनात वाक्य जुळवत होती. दिलीप म्हणाला, "बाई, बोलत चाला नं, गार्डनं सांगतलं ना."  त्याला पोरांचं विचारलं. मोठी देवळीला नर्सिंगच्या कोर्सला आहे. "तुमच्या गोष्टी आयकूनच मनते मले नर्स व्हायचं." त्यानंतर मी दगड मोजले. चारशेपर्यंत मोजले, मग सोडलं.

बाबांनी माझ्यासाठी बसायला फाटकं पोतं झटकून ठेवलं होतं. गोळ्या घेतल्या म्हणाले, पाकीट बघितलं तर खरंच घेतल्या होत्या. तुम्ही सांगितलं म्हणून, म्हणाले.

नाही सांगू शकली. बी.पी. १५०/९०. त्याचंच बोलत बसली, मीठ कमी करा, लोणचं बंद. उतरताना दोनदा घसरली. चढण्यापेक्षा उतरणं वाईट. नखाखाली रक्त साकळलंय.


२३ फेब्रुवारी, रविवार

आज विहारात गेली. पंचशील घेताना मुसावादाची ओळ मी म्हटलीच नाही. खोटं बोलणार नाही, एवढंच तर आहे ते. लहानपणापासून दर रविवारी म्हणते. शेजारची म्हणाली, "घसा बसला का बाई तुमचा, हळद-दूध घ्या."

दिलीपचा फोन. बाबा विचारत होते म्हणे, सिस्टर या आठवड्यात काऊन नाई आल्या.

थकली मी. गुडघ्यानं नाही.


२ मार्च, रविवार

सांगितलं.

दिलीप विहिरीवर गेला होता, बाबा आणि मी दोघंच दारात. जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही. म्हटलं, बाबा, सुखदेव साडेतीनला आला होता. दारू प्यायला नव्हता. मी निघाली होती. नाल्यावरून परत फिरली. रजिस्टरात खोटं लिहिलं.

एवढंच. दोन मिनिटं पण लागली नाहीत.

 बाबा हातातली काडी मोडत होते, बारीक बारीक तुकडे. दिलीप पाण्याच्या कॅना घेऊन आला, त्याला वाटलं बी.पी. वाढलं. मग बाबांनी विचारलं,

"कोनत्या नाल्यावरून?"

"शेवटच्या."

"चला, दाखवा मले."

दिलीपला काही कळेना. बाबांनी त्याचा खांदा धरला आणि चालायला लागले, अनवाणी. मी मागे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला कोणाच्या मागे धावत चालावं लागलं. त्यांना डोळ्यांनी दिसत नाही, पण पांदणीचा एकेक दगड पायाला पाठ. मीच ठेचकाळत होती.

नाल्यावर आलो. मी दाखवलं. इथं पाय टाकला, इथं बसली. बाबांनी तिथला दगड हातानं चाचपून पाहिला, जसं काही अजून ओला असेल. तेव्हा दिलीपला समजलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

बाबा म्हणाले, "बाई, इथून हाक आयकू जाते."

"काय?"

"घरापोतर. जंगलातून लाकडं घेऊन आलो का मी इथूनच हाक मारत होतो, इंदू, चाय मांड. घरी पोचेपोतर चाय तयार राहे."

मी म्हटलं, त्या दिवशी पाण्याचा आवाज फार होता. म्हणायला नको होतं.

"आमी दारातच उभे होतो सारे. तुमची वाट पाहत. एक हाक मारली असती, दोर घेऊन आलो असतो. दहा जन होतो. उचलून नेलं असतं तुमाले."

रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. रस्ता चुकलेल्याला रस्ता सांगावा तसं बोलले.

"सुचलं नाही, बाबा," मी म्हटलं.

"हो," म्हणाले. "नाई सुचत."

मग बसून राहिले तिथंच. म्हणाले, "जा तुमी. ऊन होईन." मी पायाला हात लावायला वाकली, त्यांनी पाय मागे घेतले. दिसत नाही त्यांना, पण मागे घेतले.

दिलीपने त्यांना वर सोडलं, परत आला, मला खाली आणलं. सहा कि.मी. एक शब्द नाही. पण पुढं चालत होता आणि वाटेत आलेल्या फांद्या धरून ठेवत होता, मी जाईपर्यंत. चौकीवर गार्ड म्हणाली, "तुमचा आवाजच नाही आला आज." दिलीपने वहीत दोघांची सही केली.


३ मार्च

ताप. ह्यांनी खिचडी केली. विचारलं नाही काही.


६ मार्च, गुरुवार

नव्या मोहपठारला गेली, ऑटोने. दिलीपला सांगितलं नव्हतं. एका ओळीत सारखी घरं, निळे पत्रे. सोमाजीबाबांच्या नावाचं घर कुलूपबंद, ओट्यावर कोणीतरी तुरीचं कुटार, जनावरांचा भुसा, ठेवलंय. शेजारी सुखदेव.

मला वाटलं होतं दारूनं खंगलेला माणूस असेल. दम्यानं खंगलाय. दारू कधीच सोडली म्हणाला. बायको वारली. खाटेवर बसला होता, मला बघून उठायला लागला, मीच बसा म्हटलं. सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जातं असं वाटलं होतं. जात नाही.

ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला,

"मले काऊन सांगता, सिस्टर? मले तं तवाच मालूम होतं."

बरोबर आहे. त्यालाच तर माहीत होतं.

"साडेतीन," म्हणाला. "तुमच्या भिताडावरच्या घड्याळीत पाह्यलं होतं मी. लोकाईनं इतकं मनलं का मलेच वाटे, का माहीत बाप्पा, आपन रस्त्यात बसलो का काय कुठं."

 माफी मागितली. त्याने हात हलवला, माशी हाकलावी तसा. मग विचारलं,

"दादाले सांगतलं?"

"हो."

"मंग? काय मनला?"

"काहीच नाही. नाल्यावर बसून राहिले."

खोकला आला त्याला, बराच वेळ थांबेना. पंप कुठं आहे विचारलं तर रिकामा. चिठ्ठी लिहून दिली, कोणता आणायचा, दिवसातून किती वेळा. हात आपोआप लिहितो हे. निघताना त्याने विचारलं, "पांदन साफ हाय का? का झुडपं आली?" म्हटलं, जाता येतं, पानं आहेत फार. पाय सांभाळावा लागतो.

रजिस्टरचं काय करायचं, कळत नाही. साहेबांना अर्ज लिहायचा म्हणून कागद घेऊन बसली. कोणत्या साहेबांना? ते कधीचेच रिटायर झाले. तरी दोन ओळी लिहिल्या. पुढं उद्या.


९ मार्च, रविवार

स. अकराला दिलीपचा फोन. पहिल्यांदाच सिस्टरबाई म्हणाला नाही, नुसतं तुम्ही म्हणाला. सुखदेवकाका पहाटेच निघून गेला. चौकीवर गार्डनं अडवलं, एकटे नका जाऊ म्हणाली. तर मनते कसा, भाऊ हाय वर, आनाले चाललो. तिने सोबत एक मजूर दिला. तो पहिल्या चढापर्यंत गेला, काकानं त्याले वापस धाडलं.

"दम्याचा मानूस हाय. तुमी काय सांगतलं त्याले?"

जे झालं ते सांगितलं, म्हटलं.

 मग म्हणाला, "मी चाललो वर. पन थांबत थांबत जाईन. काकाच्या आगुदर पोचून फायदा नाई." फोन ठेवला.

मी पट्टा बांधून तयार होऊन बसली. ह्यांनी चप्पल उचलून आत ठेवली. "तुझं तिथं काय काम आहे आज?" म्हणाले. बरोबर आहे. बसली.

तीन वाजता दिलीपला फोन लावला, लागत नाही. साडेचारला लावला. वर रेंज नाही, मला माहीत आहे, तरी लावते. दमेकरी माणसाला सहा कि.मी. म्हणजे पाच तास धरले, थांबत थांबत सहा. म्हणजे दुपारपर्यंत नाल्यावर. तिथून वर आवाज जातो.

आता सहा वाजलेत. दिलीप खाली आला असता तर चौकीवरून फोन लागला असता. आलेला नाही. तिघांपैकी कोणीच खाली आलेलं नाही अजून.